काय होता होता राहिलं?

सकाळी जिनिंगच्या फाटकातून आत आल्यावर काका कोणालाच ‘कसं काय’ असं विचारत नसत. सायकल भिंतीला टेकवायची, कुलूप लावायचं, त्या कुलपाकडे बोट रोखून "लागलं" असं मोठ्यांदा स्वतःलाच सांगायचं, आणि मग जो कोणी पहिला समोर येईल त्याला म्हणायचं, "हं, सांग. काल काय होता होता रायलं?"

पहिला समोर येणारा बहुतेक मीच असायचो. वजनकाटा फाटकाजवळ आणि काट्यावरचा कारकून मी. "काही नाही काका, सगळं ठीक," असं म्हटलं की ते माझ्याकडे अशा काळजीने बघायचे, की घरी जाऊन ताप पाहावा असं वाटे.

"सगळं ठीक?" ते म्हणायचे. "मंग तर लय पाहावं लागते बापा."

काका मूळचे भातकुलीकडचे. अमरावतीला होस्टेलात राहून शिकले, इंजिनियर झाले आणि सगळी नोकरी दूर समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात केली. तिथे त्यांच्याकडे वीज करायचं काम नव्हतं, चुका गोळा करायचं होतं. कुठे नळ ठिबकला, कुठे कोणी भलतं बटण दाबलं, कुठे कोणी दाबणार होता पण बोट मागे घेतलं, हे सगळं रोज सकाळी त्यांच्यापुढे यायचं आणि ते एकेकाच्या मुळापर्यंत जायचे. "जे झालं ते सगळ्याईले दिसते," असं ते सांगत. "जे होता होता रायलं ते फक्त त्या एका मानसाले ठाऊक. त्यानं नाई सांगितलं, तर ते उद्या होते."

निवृत्त होऊन ते परत आले ते तीच जुनी बोली घेऊन. आमची वऱ्हाडी एव्हाना टीव्ही पाहून थोडी मवाळ झाली होती. त्यांची मात्र होस्टेल सोडलं त्या दिवशीची, पेटीत घडी घालून ठेवल्यासारखी. आमचे शेठजी त्यांचे होस्टेलातले दोस्त. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची जिनिंग होती, आणि आदल्या हंगामात तिथे आग लागून रुईच्या गाठी जळाल्या होत्या. शेठजींनी दोस्ताला बोलावून घेतलं. काकू भातकुलीलाच राहिल्या, काकांनी हंगामापुरती अकोल्यात खोली घेतली.

अणूचं काम केलेला माणूस येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय काय चर्चा झाली ते सांगायला नको. चौकीदाराने आईच्या गुडघ्यांना त्यांचा हात लावून घ्यायचं ठरवलं होतं. माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, ते अंधारात चमकतात का?" मी तिला हसलो. मी शिकलेला माणूस. पहिल्या दिवशी काकांशी हात मिळवला आणि कोणी पाहत नाही असं बघून नळावर हात धुवायला गेलो, तर तिथे आमचा फिटर रशीदभाई आधीच कोपरापर्यंत साबण लावून उभा होता.

तर ही जिनिंग. शेतकऱ्याचा कापूस अंगणात उतरायचा, त्याचे ढीग लागायचे. बाया अनवाणी त्या ढिगांवर चढून काडीकचरा वेचायच्या आणि टोपल्या भरभरून मशीनकडे न्यायच्या. मशीन सरकी वेगळी करायचं आणि रुई वेगळी, रुईच्या दाबून गाठी व्हायच्या. यात भीती एकच. कापसातून एखादा खडा, एखादा खिळा रोलरात गेला तर ठिणगी उडते, आणि रुईत शिरलेली ठिणगी लगेच पेटत नाही. ती गाठीच्या पोटात धुमसत राहते. गाठ ट्रकात चढते, ट्रक घाट ओलांडतो, आणि मग कुठेतरी धूर दिसतो.

ठिणग्या अधूनमधून उडायच्याच. पण सांगतो कोण? सांगितलं की शेठजी पहिला प्रश्न विचारायचे, "कोनं केलं?" आणि ज्याने केलं त्याची रोजी कापली जायची. त्यामुळे आमच्या जिनिंगमध्ये कधीच काही होत नसे. आग लागली तेव्हाही, आग लागेपर्यंत, काहीच झालेलं नव्हतं.

काकांनी आल्यावर विचारायला सुरुवात केली तेव्हा सगळे देवळातल्यासारखे गप्प. मी आपणहून सुचवलं की छापील तक्ता करू, रकाने आखू. माझं अक्षर बरं आहे आणि ते दाखवायची संधी मला आयुष्यात फारशी मिळालेली नाही. काका म्हणाले, "कागद नको. कागदाले मानूस भेते. चहा ठेवू."

दहाला किटलीतून चहा यायचा आणि पहिला कप शेठजींच्या खोलीत जायचा, असा रिवाज होता. काकांनी तो कप वाटेतच अडवला. पहिला कप त्याचा, जो होता होता राहिलेलं सांगेल. शेठजींना दुसरा. शेठजी खोलीतून ओरडले, "अबे, माह्याच जिनिंगमंदी मीच दुसरा?"

"तू सांग काही, तुले पह्यला," काका इकडून ओरडले.

शेठजींनी काही सांगितलं नाही. दुसरा कप घेतला.

पहिला कप रशीदभाईने मिळवला. मशीन चालू असताना रोलरात अडकलेली काडी काढायला त्याचा हात गेला होता, बाही ओढली गेली आणि फाटली म्हणून हात वाचला. आम्हाला वाटलं आता रशीदभाईची धुलाई होणार. काकांनी त्याला मशीनपाशी उभं केलं आणि म्हटलं, "कोन ते नको. कसं झालं ते दाखव." दाखवताना दिसलं की बंद करायचं बटण त्याच्या पाठीमागे, भिंतीवर होतं. कोण मागे वळतो? दोन दिवसांत बटण हाताशी आलं, आणि लाल रंगाचं झालं.

मग रशीदभाईला चटकच लागली. रोज दहाच्या सुमारास तो कानाची पाळी धरून यायचा. "काका, आज तो अल्ला ने बचाया!"

दोन-तीन दिवस काकांनी कप दिला. चौथ्या दिवशी म्हणाले, "रशीद, हे घडता घडता नाई रायलं. हे तू येता येता रस्त्यानं बनवलं."

"काका, चाय भी तो बनानी पडती है."

सगळी जिनिंग हसली. काकाही. नंतर मला हळूच म्हणाले, "बनवू दे. तोंड तं उघडलं त्याचं."

ही विद्या त्यांना कुठे मिळाली, ते एकदा दुपारी काट्याशेजारी डबा खाताना त्यांनी सांगितलं. नवीन नोकरी होती. तिथे दोन अणुभट्ट्या शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. दरवाजे तसेच, जिने तसेच, पाण्याच्या चाव्याही तशाच. यांना एकीची चावी बंद करायला पाठवलं आणि हे दुसरीच्या समोर जाऊन उभे राहिले. चावीवर हात ठेवला. फिरवणार, तेवढ्यात बाहेर कोणाला तरी शिंक आली आणि यांनी मान वर करून पाटी वाचली.

"मंग?" माझा घास तोंडातच.

"मंग काय. कोनंच पायलं नव्हतं. गुपचूप निंगून जाता आलं असतं. तसाच साहेबाकडं गेलो आन सांगितलं. वाटलं, आज घरी पाठवते. त्यानं मले बसवलं, चहा सांगितला, आन चहा येईपर्यंत काहीच बोलला नाई. मंग म्हने, ‘ते दोन दरवाजे एकासारखे कावून आहेत, चल पाहू.’" काका थांबले. "तिथं तोवर कितीक लोकं तसेच चुकले असतीन, सांग बरं. सगळे गुपचूप निंगून गेले. मंग एका बाजूचे सगळे दरवाजे पिवळे केले आन एका बाजूचे निळे. माह्या एका चहानं."

त्या दिवशी मी भारावून घरी गेलो. भाजी करपलेली होती. मी ताटावर बसून अगदी काकांच्या आवाजात म्हणालो, "कोणी करपवली ते नको. कशी करपली ते पाहू."

"तुम्ही दारातून आल्यापासून काकापुराण सांगून राहिले, मी ऐकत उभी राहिली, तशी करपली," ही म्हणाली. मुळापर्यंत जाणं आमच्या घरात एका वाक्यात होतं.

वर्षं कोणती होती ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची गरज नाही. कापूस दरवर्षी कमी येत होता, आणि त्यामागून येणारी माणसं जास्त गप्प होत होती. गावोगाव बाहेरचे लोक यायचे आणि कोणत्या घरातलं कोण गेलं, ते झालेलं मोजून न्यायचे. होता होता राहिलेलं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. एकदा काट्यावर एक बैलबंडी उभी होती. काकांनी सवयीने बंडीवाल्याला विचारलं, "काय बापा, काय होता होता रायलं?" तो कितीतरी वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "काल एक इचार आला होता काका. आला आन गेला."

काकांनी पहिला कप त्याला दिला. कापूस उतरेपर्यंत त्याच्याशेजारी बंडीच्या दांडीवर बसून राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बैलांबद्दल काहीतरी असावं. पुढे दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी ते सायकल काढून त्याच्या गावाकडे जायचे. मी विचारलं, "कशाला जाता?" तर म्हणाले, "एकदा ठीक केलं म्हंजे झालं, असं नसते. जाऊन पाहावं लागते, ठीक रायलं का."

आता त्या दिवसाचं सांगतो.

गाठी भरायला दोन ट्रक फाटकात उभे होते. व्यापाऱ्याचा माणूस दर घटकेला घड्याळ बघत होता. त्या हंगामात असा माल मागणारा दुसरा कोणी शेठजींकडे नव्हता, म्हणून शेठजी स्वतः अंगणात फिरत होते. तेवढ्यात ढिगावरची एक बाई काट्याकडे धावत आली. तिचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. का ते पुढे कळेल. तिने पदराचं टोक दातात धरलं होतं. माझ्याशेजारी बसलेल्या काकांच्या समोर उभी राहून तिने उजव्या पायाकडे बोट दाखवलं. त्या पायाच्या एका बोटात जोडवं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "हे होता होता नाई रायलं. हे होऊन रायलं."

तिचं गिलटाचं जोडवं कापसात पडलं होतं, आणि तो ढीग सकाळपासून टोपल्यांनी मशीनकडे चालला होता. सवाशिणीचं जोडवं हरवणं बायांत बरं मानत नाहीत. तिचा नवरा तेव्हा दवाखान्यात होता. ती कोणाला काय सांगायला निघाली होती आणि तिला ते किती जड गेलं असेल, याचा तुम्हीच विचार करा.

काका तसेच उठले. मशीनकडे गेले, लाल बटणाकडे बोट रोखलं, "बंद" म्हणाले आणि दाबलं.

ती शांतता मला अजून ऐकू येते. मग काकांनी सगळ्यांना सांगितलं: "एक जोडवं कापसात हाये. सापडेपर्यंत मशीन चालत नाई, आन सकाळपासूनच्या गाठी ट्रकात चढत नाईत." आम्ही सगळे कापसात बसलो. रशीदभाई, हमाल, चौकीदार, मी. मूठमूठ कापूस पिंजत गेलो. गाठी उघडल्या. ऊन भिंतीवर चढलं, ट्रक रिकामे निघून गेले, आणि जोडवं काही सापडलं नाही.

शेठजी काट्यापाशी आले. चेहरा पांढरा झाला होता.

"कोन आहे ती?"

"कोन ते नको," काका म्हणाले. "कसं पडलं ते पाहू."

"मले नको शिकवू बे! नाव सांग."

"नाई सांगत."

शेठजी माझ्याकडे वळले. "तू होता ना इथंच?"

"होतो शेठजी. पण मी काट्याकडे पाहत होतो."

"काट्यावर गाडी नव्हती!"

"म्हणूनच. रिकामा काटा शून्यावर येतो का, ते पाहत होतो."

माझ्या आयुष्यातलं शौर्य म्हणाल तर एवढंच आहे, आणि तेव्हाही माझा आवाज बायकोला भाजीबद्दल बोलतो तसाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई परत आली. जोडवं सापडलं होतं. घरी, डबा बांधायच्या फडक्याच्या घडीत. कापसात ते कधी पडलंच नव्हतं. एखादीने हे गिळून टाकलं असतं. तिने तेही येऊन सांगितलं, मान खाली घालून, सगळ्या बायांच्या समोर. आणि काका हसले. इतके आनंदाने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "खोटं निंगालं ना? मंग तं चांगलंच झालं!" त्यांनी किटली यायची वाट पाहिली आणि पहिला कप तिच्या हातात दिला.

मग बायांना विचारलं, "आता सांगा. उद्या दुसरीचं पडलं तं?"

एक हमाल म्हणाला, जोडवी काढून यावं. बाया त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की तो मुकाट्याने पाणी प्यायला गेला. काका म्हणाले, "काढा म्हटलं तं ह्या काढतो म्हनतीन, घालून येतीन, आन पडलं तं सांगनार नाईत. दुसरं पाहा." बायांनी आपसात कुजबुज केली. एका म्हातारीने लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली, जोडव्यावरून बोटाला गुंडाळली आणि गाठ मारली. बस. त्या दिवशी ढिगावर चढताना सगळ्या बायांच्या बोटांना चिंध्या होत्या, लाल, हिरव्या, कोणाची काठापदराची.

शेठजींना कळलं की कापसात काही नव्हतंच. दोन ट्रक रिकामे गेले ते फुकट. ते अंगणात आले, सगळ्यांच्या समोर दोस्ताला म्हणाले, "शेवटचं इचारतो. नाव सांग, नाई तं उद्यापासून येऊ नको."

काका थोडा वेळ उभे राहिले. रागावलेले दिसत नव्हते. एखाद्या यंत्राचा आवाज ऐकावा तसे ऐकत होते.

"नाव सांगितलं," ते म्हणाले, "तं उद्यापासून इथं कोनी काही सांगनार नाई. मंग मी येऊन तरी काय करू?"

त्यांनी सायकल काढली, कुलपाकडे बोट रोखून "उघडलं" म्हटलं, आणि गेले. आम्ही सगळे, चिंध्या बांधलेल्या बायाही, जिथल्या तिथे उभे.

तुम्ही म्हणाल, आता जिनिंग जळाली असेल. नाही. आमची जिनिंग जळाली नाही. पहिला कप रशीदभाईने चालूच ठेवला, आणि खरं सांगतो, शेठजींनी तो कधी मागितला नाही. दुसराच घेत राहिले. पण कापूस कमी होत गेला, पाळ्या कमी झाल्या, ढीग बुटके झाले आणि एका हंगामात फाटक उघडलंच नाही. मी ते सांगायला भातकुलीला गेलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आग लागली की दिसते," म्हणाले. "हे असं हळूहळू कमी होत जानं, याचा भोंगा वाजत नाई." निघताना त्यांनी माझ्या स्कूटरकडे बोट दाखवलं. मी स्टँड वर घ्यायला विसरलो होतो.

आता मी अमरावतीत लेकीकडे असतो. सकाळी लोक फिरायला जाताना "काय, मजेत?" म्हणतात. मी "मजेत" म्हणतो. दोघेही पुढे जातो. अशा वेळी मला ती सायकल आठवते आणि वाटतं, कोणीतरी थांबावं, नुसतं ‘ठीक’ ऐकून काळजीत पडावं.

काका गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही तेरवीला भातकुलीला गेलो. जिनिंगच्या बाया अकोल्याहून काळीपिवळी ठरवून आल्या होत्या. काही जणी आता दुसऱ्या जिनिंगला जातात, काही शेतात. मांडवात त्या एका रांगेत बसल्या. शेठजीही आले, काठी टेकत. त्यांना कोणी बोलावलं होतं की नाही, मला माहीत नाही. काकूंनी खुर्ची दिली, तर खाली सतरंजीवर बसले.

रशीदभाई घरून किटली घेऊन आला होता. जिनिंगचं भंगार विकलं तेव्हा त्याने तेवढी एकच वस्तू मागून घेतली होती. त्याने पहिला कप भरला आणि तो हातात धरून उभा राहिला. कोणाला द्यावा ते त्याला सुचेना. आम्हालाही नाही.

"बोलो भई," तो शेवटी म्हणाला, "आज किसका है?"

 मग शेठजींनी घसा खाकरला.

"माह्यं एक हाये," ते म्हणाले. "तो जिनिंग सोडून गेला त्याच्या पुढच्या हंगामात मी त्याले परत आनाले निंगालो होतो. गाडी काढली. बडनेऱ्यापर्यंत आलो. तिथं रेल्वेचं फाटक लागलं होतं. उभा रायलो. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवून रायले..." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "आन मी गाडी मागं वळवली."

बायांच्या रांगेतून कोणीतरी, अगदी हळू, विचारलं, "कसं झालं मंग, शेठजी?"

"पह्यला शब्द काय बोलावं ते सुचलं नाई, बाई. तेवढंच."

रांगेतली एक बाई उठली. तीच की दुसरी, ते मी सांगणार नाही. तिने रशीदभाईच्या हातातून कप घेतला, शेठजींपुढे जाऊन उभी राहिली आणि वाकून त्यांच्या हातात दिला.

शेठजींची नजर तिच्या पायांवर गेली. जोडव्यावरून लाल चिंधी गुंडाळलेली होती, घट्ट गाठ मारलेली. त्यांची मान एकदम वर आली. मग ती नजर रांगेत सरकत गेली. दुसरीचे पाय, तिसरीचे, त्या टोकाच्या म्हातारीचे. सगळ्यांच्या बोटांना चिंध्या होत्या, तेरवीला म्हणून धुतलेल्या.

शेठजींनी तोंड उघडलं. तो प्रश्न मी ओळखत होतो, काट्यापाशी ऐकलेला.

मग त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि तोंडाला लावला.